येळवशीची भज्जी आणि तीन दिवसांचं पोट

येळवस सोमवारी झाली, ३० डिसेंबर २०२४ला. गुरुवारी सकाळी लातूरच्या माझ्या आहार-सल्ल्याच्या क्लिनिकमध्ये पहिल्याच नंबरला एक सासू-सून आल्या. वेळ सुनेनं घेतली होती, पण तिला ओढून आणलं होतं सासूबाईंनी. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. "मॅडम, सा म्हैने झाले, ही पाखरावानी खायलीय. परवा शेतात जरा पोटभर जेवली, तर तीन दिस झाले अंथरुणात हाय. आतडी वाळली बघा हिची. तुम्हीच सांगा आता, ते डाएट सोड म्हणून."

सून शाळेत शिक्षिका, वय ३८. (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरवलेलं. चेहरा मलूल, ओठ सुकलेले. सासूबाईंचं बोलणं संपेपर्यंत ती गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "मॅडम, मला एकच विचारायचंय. हेल्दी खाऊन खाऊन माझं पोट नाजूक झालंय का? आता मला साधं सणावाराचं जेवणही कधी पचणार नाही का?"

हा प्रश्न दिवाळीनंतरच्या आठवड्यात येतो, लग्नसराईत येतो, आणि आमच्या भागात येळवशीनंतर हमखास येतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानं बंद, सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत पिकातून चर, म्हणजे नैवेद्याचं अन्न, शिंपायचा आणि मग पंगत. बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), आंबील, गव्हाची खीर आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल, पालेभाज्या असं शेतात असेल नसेल ते सगळं घालून, पीठ लावून, चिंचेचा आंबटपणा आणून शिजवलेली घट्ट भाजी. आणि रीत अशी की स्वतःच्या शेतात जेवून भागत नाही. शेजाऱ्याच्या, पाहुण्याच्या शेतातही पानावर बसावंच लागतं. नाही म्हणणं म्हणजे रुसवा ओढवून घेणं.

डाएट बरं की वाईट, हे मी लगेच सांगायला गेले नाही. आधी दुसरेच प्रश्न विचारले. ताप आला का? नाही. उलट्या? नाही. शौचातून रक्त, काळी शी? नाही. त्याच पंगतीतल्या आणखी कुणाला त्रास झाला? कुणालाच नाही, पोरंही ठणठणीत. दुखलं ते कुठे? तिनं बेंबीच्या खाली, सगळ्या पोटभर हात फिरवला. उजव्या बरगडीखाली दाबून पाहायला लावलं. तिथे काही नाही.

बरगडीचा प्रश्न मी सोडत नाही, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ असेच आले होते. अडीच महिन्यांत १८ किलो उतरवलेलं, आणि चुलतभावाच्या लग्नात बुंदी-पुरी जेवल्यावर रात्री पोटात असह्य कळ. घरचे म्हणत होते, सवय मोडली म्हणून बाधलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. कळ मात्र उजवीकडून पाठीत, खांद्याकडे जात होती. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. वजन फार झपाट्यानं उतरलं, आठवड्याला दीड किलोच्या वर, की पित्तात कोलेस्टेरॉल साचून खडे होण्याचा धोका वाढतो. तेलकट जेवण पडलं की पित्ताशय जोरात आकसतं आणि खडा अडकतो. असं दुखणं माझ्या खोलीत बसून सुटणारं नसतं, त्याला सर्जनच लागतो. या बाईंचं वजन सहा महिन्यांत नऊ किलो, म्हणजे आठवड्याला ३५० ग्रॅमच्या आसपास उतरलं होतं. चांगला, सावकाश वेग. त्या बाजूनं मी निश्चिंत झाले.

मग सोमवारचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. माझा अंदाज ठरलेला होता. खीर, वर तुपाची धार, बिघडलं असणार पोट. आणि मी साफ चुकले.

खीर तिनं दोन चमचे खाल्ली होती. तूप घेतलंच नव्हतं. "गोड आणि तूप डाएटमध्ये बसत नाही ना मॅडम." मग काय खाल्लं? "भज्जी. ती हेल्दी आहे म्हणून बिनधास्त घेतली." औशाकडच्या घरच्या शेतात तीन वाट्या, निलंग्याच्या वाटेवर माहेरच्या शेतात आणखी दोन. उंडे दोन. आंबील मोजली नाही, पण सहा-सात पेले तरी. आणि सकाळपासून? सकाळी उपाशी. दुपारी जास्त खायचंय म्हणून फक्त लिंबूपाणी आणि ग्रीन टी.

खिरीचं पाप आणि भज्जीचं पुण्य असा तिचा हिशोब होता. पोटाकडे ती वही नसते.

पुढचा प्रश्न, गेले सहा महिने रोज काय खाताय? मैत्रिणीकडून आलेला तक्ता होता. सकाळी अंड्याचा पांढरा भाग, दुपारी ओट्स किंवा काकडी-टोमॅटो, पनीर, रात्री सूप. भाकरी बंद. डाळ "जड पडते" म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी. उसळी तर नाहीतच. वजन उतरलं, यात शंका नाही. पण हरभरा, तूर, वाल, वाटाणा यांच्याशी तिच्या आतड्यांची सहा महिने फारशी गाठच पडली नव्हती, आणि परवा एका दुपारी ते पाच वाट्यांनी भेटायला आले.

या शेंगवर्गीय दाण्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. माझ्यात नाही, तुमच्यात नाही, रोज दोन भाकरी नि उसळ खाणाऱ्या पैलवानातही नाही. त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून वायू करतात. रोज थोडंथोडं मिळत असेल तर जिवाणूंची वस्ती त्या कामाला सरावते आणि त्रास कमी जाणवतो. खाणं बदललं की ही वस्ती काही दिवसांतच बदलू लागते. त्यातून सहा महिने कमी खाणाऱ्याला थोडक्यातच गच्च वाटतं, आणि रिकाम्या पोटी बसलेला माणूस भराभरा गिळतो, सोबत हवाही गिळतो. तिला त्रास सुरू झाला रात्री नवाच्या सुमाराला, जेवणानंतर पाच-सहा तासांनी. पोट नगाऱ्यासारखं, गुरगुर, वायू सरकेना.

ही वेळ मी नेहमी विचारते, कारण तिच्यावरून बरंच कळतं. दिवाळीतल्या चकली-करंजीचं, मटणाच्या तर्रीचं दुखणं लवकर आणि वर जाणवतं. तेल-तूप जठरातून सावकाश खाली सरकतं, म्हणून तास-दोन तासांतच छातीशी जड वाटतं, आंबट ढेकर येतात, आडवं झालं की जळजळतं. कडधान्याचं दुखणं उशिरा येतं आणि बेंबीखाली येतं. हे काही निदान नव्हे, पण कुठे शोधायचं ते कळतं.

इथवर एका रात्रीचा हिशोब लागला. ती तर तीन दिवस आजारी होती.

मंगळवारी सकाळी पोट जवळजवळ निवळलं होतं. मग ती वजनकाट्यावर उभी राहिली. १ किलो ८०० ग्रॅम जास्त! तिथेच रडू फुटलं. त्या दिवशी शिक्षा म्हणून काहीच खाल्लं नाही. आणि रात्री शेजारणीनं सांगितलेलं पोट साफ करायचं चूर्ण घेतलं, दोन चमचे. बुधवारी पहाटेपासून जुलाब. तिला वाटलं, भज्जीनं आतडीच बिघडवली. मी डबीचा फोटो मागवला. त्यात सोनामुखी होती. सोनामुखी सहा ते बारा तासांत आतड्यांना ढवळून काढते, ते तिचं कामच आहे. म्हणजे सोमवारची रात्र भज्जीची, मंगळवार वजनकाट्याचा आणि बुधवार चूर्णाचा. तीन दिवसांची तीन कारणं, आणि दोष सगळा गेला एकावरच. (सासूबाईंच्या मते डाएटवर. तिच्या मते येळवशीवर.)

वजनाचं मी तिला कागदावर मांडून दाखवलं. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० उष्मांक जास्त खावे लागतात. १.८ किलोला जवळजवळ १४,०००. घरची मोठी ज्वारीची भाकरी २०० उष्मांकांची धरली तर ७० भाकरी, आणि त्याही रोजच्या जेवणाच्या वर, एका दिवसात.

"सत्तर भाकरी!" सासूबाईंना पहिल्यांदा हसू आलं. "आमच्या सालगड्यानं बी नसत्या खाल्ल्या."

मग काट्यावर वाढलं ते काय? पोटात अजून असलेलं अन्न, आंबिलीतलं पाणी, मिठानं धरून ठेवलेलं पाणी. शिवाय कित्येक दिवसांनी पिष्टमय पदार्थ मिळाले की शरीर त्यातले थोडे ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बसतं. गुरुवारी माझ्या काट्यावर ती येळवशीच्या आधीच्या वजनापेक्षाही खाली होती. त्याचाही आनंद मी तिला मानू दिला नाही, ते जुलाबातून गेलेलं पाणी होतं.

तेव्हा पहिलं काम ओआरएस. एक पुडी एक लिटर पाण्यात, दिवसभरात घोट घोट. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चूर्ण बंद. दोन दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक. उद्यापर्यंत जुलाब थांबले नाहीत, ताप आला किंवा रक्त दिसलं तर थेट डॉक्टर.

दुसरं काम जरा लांबचं होतं. तिची तयारी "यापुढे सणाला काहीच खाणार नाही" अशी होती. मी उलट सांगितलं. सणाचं जेवण तसंच राहू द्या, रोजचं ताट रुंद करा. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, आठवड्यानं एक. आधी मुगाची डाळ, मग मटकी, मग हरभरा, सुरुवातीला तीन-चार चमचेच. कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात गाळ शिजवायचं, कारण त्या साखरांपैकी बऱ्याच पाण्यात उतरतात. फोडणीला हिंग घालायचाच, निदान चवीसाठी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. तिच्या तक्त्यातून त्याच्या निम्मे तरी मिळत होते की नाही, कोण जाणे. गंमत अशी की २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष साजरं केलं, शहरांतले लोक ज्वारीचे पोहे महागात घेऊ लागले, आणि ज्वारीच्या मुलखातली ही बाई भाकरी सोडून ओट्स खात होती. मला अशा तक्त्यांचा राग येतो. पण एक काळ असा होता की मीही "हरभरा, वाटाणा टाळा" असं छापलेले कागद सर्रास देत होते. पोटाच्या तक्रारी येऊ नयेत म्हणून सोपं पडायचं. म्हणून राग जरा बेतानंच दाखवला.

जेवणावळीच्या दिवशीसाठी एवढंच सांगितलं की सकाळी उपाशी राहायचं नाही. रोजचा नाश्ता करायचा. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर उपाशी राहून "जागा करणं" मुळीच करू नये, साखर घसरते. दोन शेतांत जायचं असेल तर पहिल्या पानावरच दुसऱ्याची जागा धरायची. आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर चढायचं नाही, आठवड्यानं चढा.

"आन् खीर?" सासूबाईंनी विचारलं.

"खीर खायची, मावशी. वाटीभर. दोन चमचे खाऊन मन मारायचं, आणि त्याची भरपाई पाच वाट्या भज्जीनं करायची, यात काय मिळवलं?"

"मंग आतडी वाळली न्हाईत म्हनता?"

"नाहीत. पाचकरस आहेत तिथेच आहेत. मोठ्या आतड्यातल्या मंडळींची फक्त सवय सुटलीय."

सासूबाईंचं समाधान अर्धंच झालं असावं. जाता जाता त्या सुनेला म्हणाल्या, "तुला सांगत होते का न्हाई, भाकरी खात जा." सुनेनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाई चुकीच्या कारणानं का होईना, बरोबर बोलत होत्या. मी खाली मान घालून कागदावर लिहीत राहिले.

जुलाब शुक्रवारीच थांबले. पुढची परीक्षा लांब नव्हती. १३ जानेवारीला भोगी. भोगीची भाजी म्हणजे भज्जीची सख्खी बहीणच. हरभरा, वाटाणा, घेवडा, गाजर, वांगं, तीळ, आणि सोबत बाजरीची भाकरी. मधे जेमतेम अकरा दिवस मिळाले होते. पूर्ण सवय व्हायला ते कमीच, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. सकाळी नाश्ता, दुपारी एक वाटी भाजी, एक भाकरी, चावून. रात्री तिचा मेसेज आला: "थोडा गॅस. झोप लागली." मला तेवढंच हवं होतं.

संक्रांतीनंतर ती वजन करायला आली तेव्हा सासूबाईंनी माझ्यासाठी डबा पाठवला होता. उरलेल्या कडधान्याची, पीठ लावलेली, चिंच घातलेली भाजी, खास माझ्यासाठी केलेली. दुपारी क्लिनिकमध्येच बसून मी ती चाटूनपुसून खाल्ली. त्या आठवड्यात घरी गॅस सिलिंडर संपला होता आणि मी चार दिवस ब्रेड-बिस्किटांवर काढले होते, हे खाताना आठवलं नाही. पाचच्या पेशंटसमोर माझं पोट एवढं गुरगुरलं, की तो बिचारा पाणी आणायला उठला.