दहावीनंतर सायन्स, डिप्लोमा की आयटीआय?

प्रश्न : मुलाला दहावीला ६४ टक्के पडले, गणितात ४९. गाड्यांच्या कामाची त्याला आवड आहे. क्लासवाले म्हणतात, ‘अकरावी सायन्सला घाला, जेईईची तयारी करून घेऊ.’ ह्यांचा कल डिप्लोमाकडे आहे. काय करावं? – एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी ते ४९ गुण उलगडून पाहा. त्यात शाळेने दिलेले अंतर्गत गुण २० पैकी असतात. ते १९ असतील, तर लेखी परीक्षेत ८० पैकी ३०च मिळाले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवण्याची मुदत गेली नसेल, तर जरूर मागवा. आकडेमोडीच्या चुका सरावाने जातात. समीकरणच मांडता येत नसेल, तर सुट्टीत आठवी-नववीचं बीजगणित पुन्हा करून घ्यावं लागेल. डिप्लोमा घेतला की गणित सुटलं, असं अनेक घरांत समजतात. पण पहिल्याच सेमिस्टरला गणित असतं आणि मुलांचा विषय तिथेच राहतो.

जेईईचा आग्रह आम्हाला पटत नाही. सायन्सच घ्यायचं तर राज्याची सीईटी डोळ्यांपुढे ठेवा. तिच्यात सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लासवाल्यांना मात्र एवढं विचाराच : दहावीला साठ-पासष्ट टक्के असलेली तुमची मुलं गेल्या वर्षी कुठे लागली? फ्लेक्सवरचे फोटो पाहून फी भरू नका.

गाड्यांची आवडही तपासा. ओळखीच्या गॅरेजात आठ-दहा दिवस नुसतं पाहायला बसवा. ग्रीस, उकाडा, दिवसभर उभं राहणं पाहूनही ओढ टिकली, तर मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलचा तीन वर्षांचा डिप्लोमा त्याला योग्य आहे. पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गणित फारच कच्चं निघालं, तर आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक ट्रेड घ्या. तिथूनही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे, त्यामुळे ह्यात कमीपणा मानू नका.

डिप्लोमा झाल्या झाल्या मोठा पगार धरून चालू नका. बऱ्याच मुलांची सुरुवात वर्षभराच्या अप्रेंटिसशिपने, विद्यावेतनावर होते. कॉलेजात ‘सर्वांत मोठं पॅकेज किती?’ असं न विचारता ‘गेल्या बॅचच्या निम्म्या मुलांना किमान किती मिळालं?’ असं विचारा. हे सगळं पसंतीक्रम भरण्याआधी करा, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं.