फुटबॉलमधल्या पासची किंमत काढायचीय? मग हे आधी कर
भावा, पास कंप्लीशनच्या, म्हणजे किती पास पोचले त्याच्या टक्केवारीत अडकू नको, सेंटरबॅक, म्हणजे मागचे मधले डिफेंडर, एकमेकाला आडवे पास देत बसले तरी ९० टक्के येतात की. स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल डेटावाल्या कंपनीचा फुकट डेटा घे, २०२२ च्या वर्ल्डकपचा आहे त्यात, मैदान १२० बाय ८० चं धरलंय आणि पासच्या आउटकमची, म्हणजे निकालाची जागा रिकामी असली तर तो पास पोचलेला असतो, मी हे उलटं समजलो आणि दोन रात्री वाया घालवल्या.

मग मैदानाचे चौकोन पाड, १६ बाय १२, आणि प्रत्येक चौकोनातनं शॉट किती वेळा मारतात, त्यातले गोल किती, नाहीतर बॉल पुढं कुठं जातो हे मोज, त्यावरनं त्या चौकोनाचा एक्सपेक्टेड थ्रेट, म्हणजे बॉल तिथं असताना पुढं गोल व्हायची शक्यता निघते, हीच त्या चौकोनाची किंमत. पास पोचला त्या चौकोनाची किंमत वजा सुटला तिथली, ही झाली पासची किंमत. चुकलेल्या पासला नुसता शून्य देऊ नको, बॉल गेला म्हणजे नुकसानच ते.

आणि सांगलीत शिवाजी स्टेडियमवर मॅच असली की वही घेऊन बस, एका मिडफिल्डरचे वीस पास हातानं मांड. मागं दिलेला पास आकड्यात मायनस दिसतो पण त्यानंच समोरचा डिफेंडर बाहेर ओढला जातो, ते या मॉडेलला दिसत नाही, तुला दिसलं पाहिजे.