ग्रिनेलला निघण्याआधी

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

ग्रिनेल निवडलंस, उत्तम केलंस. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मक्या-सोयाबीनच्या शेतांमधलं हे छोटं गाव. कॉलेज 1846 सालचं, विद्यार्थी सतराशेच्या आसपास आणि पदव्युत्तर वर्ग मुळीच नाहीत. ही शेवटची गोष्ट तुझ्या सगळ्यात फायद्याची. पीएचडीची मुलंच नसल्यामुळे प्राध्यापकांना संशोधनात हाताखाली पदवीचेच विद्यार्थी लागतात. पण हे काम आपणहून कुणी आणून देत नाही, जाऊन मागावं लागतं.

तिथे सक्तीचा विषय एकच, पहिल्या सत्रातलं ट्यूटोरियल. वर्गात डझनभर मुलं, आणि ते शिकवणारे प्राध्यापकच तू मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवेपर्यंत तुझे ॲडव्हायजर. बाकीचं तू त्यांच्याशी बोलून ठरवायचं. ही मोकळीक फसवी आहे. म्हणून पहिल्या सत्रातच एका कागदावर आठ चौकोन आख, एका सत्राला एक. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप. एक विषय सहसा 4 क्रेडिटचा, सत्राला चार विषय म्हणजे 16. आठ सत्रांचे 128 होतात, पदवीला लागतात 124. चार वर्षांत जेमतेम एका विषयाची सवड, एवढंच.

चौकोन शेवटाकडून भर. लहान विभागात वरच्या पातळीचे विषय दरवर्षी नसतात. काही वर्षाआड येतात, तर कधी शिकवणारा माणूसच रजेवर असतो. तिसऱ्या वर्षी एक सत्र परदेशात शिकायला गेलीस आणि तुला हवा तो विषय नेमका त्याच सत्रात झाला, तर शेवटच्या वर्षी हातात काही उरत नाही. प्रत्येक विषयाला आधी कोणता विषय पूर्ण लागतो ते बाणाने दाखव. गणिताची साखळी सगळ्यात लांब. पुढे अर्थशास्त्रात पीएचडी करायचा नुसता विचार असला, तरी लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल ॲनालिसिससाठी जागा आत्ताच राखून ठेव. पण पहिल्या सत्रात चारही विषय गणित-विज्ञानाचे घेऊ नकोस. आपली मुलं हे हमखास करतात आणि प्रयोगशाळांच्या दुपारी एकमेकींवर आदळतात.

सिलॅबस प्राध्यापक स्वतः लिहितात. प्रत्येक निबंधाची तारीख, कशाला किती टक्के, उशिरा दिलं तर किती गुण कापणार, सगळं त्यात असतं. पहिल्या आठवड्यात चारही विषयांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर उतरव. सत्राच्या मध्यावर आणि शेवटच्या दोन आठवड्यांत गर्दी झालेली दिसेल. वार्षिक परीक्षेच्या आधी महिनाभर रात्री जागून भरून काढायची आपली सवय तिथे चालत नाही. गुण सत्रभर थोडेथोडे साठतात, आणि वर्गात बोलण्यालाही गुण असतात.

बोलण्याचं भय इंग्रजीपेक्षा अपुऱ्या तयारीचं असतं. नेमून दिलेलं वाचताना दोन प्रश्न पान क्रमांकासह लिहून ने. पहिला प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचार. नंतर चर्चा इतकी पुढे जाते की तुझा मुद्दा कुणीतरी मांडून गेलेलं असतं. पंधरा जणांच्या वर्गात गप्प बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

निबंधात आपला दोष ठरलेला: दोन पानं पार्श्वभूमी, शेवटी सगळ्यांचंच बरोबर. तिथे पहिल्याच परिच्छेदात एक दावा हवा, ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल असा. मुदतीच्या सहा-सात दिवस आधी कच्चा मसुदा घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला ठेवलेल्या वेळेला, जा. 'मला समजलं नाही' एवढंच म्हणू नकोस. 'या परिच्छेदात माझा पुरावा दाव्याला पुरतो का' असं विचार. उसनं वाक्य आणि उसना विचार, दोन्हींचा संदर्भ दे. नोट्स काढतानाच पान क्रमांक टाकले नाहीस तर पहाटे तीनला चूक होते, आणि तिथे वाङ्मयचौर्याची चौकशी गंभीरपणे होते. शिफारसपत्रही याच भेटींतून तयार होतं. जो प्राध्यापक तुला फक्त गुणांच्या यादीत ओळखतो, तो पत्रात काय लिहिणार?

थंडीचा कोट पुण्यात घेऊ नकोस. पारा उणे वीसच्या खाली जातो, तिथलाच घे. बुटांवर मात्र कंजुषी नको, पाय ओले झाले की कोटाचा उपयोग नाही. मेतकूट ने, डायनिंग हॉलच्या भातावर दह्याबरोबर छान लागतं. भारतीय किराणा मिळेल डे मॉइनला, गाडीने तासाभरावर, तेव्हा गाडीवाल्यांशी मैत्री ठेव.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. पहिल्या सत्रात आठ-दहा तास पुरे. आणि पूर्णवेळ विद्यार्थी राहायला सत्राला किमान 12 क्रेडिट लागतात. सोळांतला एक विषय सोडलास तर बरोबर 12 उरतात. दुसरा सोडावासा वाटला, तर अर्ज भरण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घे, मगच रजिस्ट्रारकडे जा.

तुझा,
काका