ईएसआयचे अपंगत्वाचे पैसे चालू असताना कामावर हजर झालो तर ते बंद होतील का?

तुम्ही लिहिलंय की मशीनवर हाताला इजा झाली, ईएसआयकडून, म्हणजे कामगार राज्य विम्याकडून, पैसे येतायत, आता कंपनी हलक्या कामावर बोलावतेय आणि घरचे म्हणतायत, जाऊ नकोस, पैसे बंद होतील. आमच्या घरीही अगदी हाच वाद झाला होता. 2016 साली भोसरीत पॉवर प्रेसवर माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन एवढंच विचारा: मला मिळतंय ते टीडीबी की पीडीबी? तात्पुरत्या अपंगत्वाचं की कायमच्या? टी की पी, यावरच सगळं आहे.

टीडीबी म्हणजे जखम भरेपर्यंतचे पैसे, रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के. डॉक्टर सुट्टी लिहून देतील तोवर मिळतात, इतकेच महिने असं काही नाही. पण ज्या दिवशी काम करून पगार घेतला, त्या दिवसाचा टीडीबी नाही. माणसं फसतात ती इथेच. पाचव्या आठवड्यात मला सुपरवायझरचा फोन आला, "घरी बसून काय करतोस, ये, नुसतं रजिस्टर लिही, पैसे हातात देतो." मी निघालोही होतो, डबासुद्धा भरून झाला होता. शेजारच्या काकांनी जिन्यातच अडवलं. त्यांची हयात युनियनमध्ये गेलेली. म्हणाले, "इकडे सुट्टीचा दाखला आणि तिकडे हजेरी? दिलेले पैसे परत मागतील, वर खोट्या दाव्याची केस." डबा घरीच खाल्ला. टीडीबी चालू असताना कंपनी तुम्हाला सहसा कामावरून काढू शकत नाही, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. फिट सर्टिफिकेट हातात पडू द्या, मग हजर व्हा.

पीडीबीचं तसं नाही. कमावण्याची ताकद जेवढी गेली, तेवढ्याचा तो मोबदला आणि तो आयुष्यभर मिळतो. तुम्ही घरी बसलात, जुन्याच कंपनीत गेलात, दुसरीकडे लागलात किंवा वडापावची गाडी टाकलीत, तरी तो थांबत नाही. निराधार योजनेला उत्पन्नाची अट असते, तिच्याशी लोक याची गल्लत करतात.

किती टक्के ताकद गेली हे मेडिकल बोर्ड ठरवतं. मला तिथे मूठ वळायला सांगितली, टेबलावरचं नाणं उचलायला सांगितलं, मग शर्टाचं बटण. मी आपला झटक्यात लावून दाखवलं! बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "कशाला एवढी हुशारी, टक्के कमी करतील ना." तसं काही झालं नाही. एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के, अंगठा गेला तर 30, हे कायद्याच्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. हिशोब असा: रोजचा सरासरी पगार 500 धरला तर त्याचे 90 टक्के म्हणजे 450, आणि त्याचे 20 टक्के म्हणजे दिवसाला 90 रुपये. महिन्याला 2,700. त्यात घर चालत नाही, म्हणून तर कामावर जायचं! बोर्डाचा निर्णय तात्पुरता असेल तर पुन्हा तपासणीला बोलावतात, पण तपासतात ती जखम, पगाराची स्लिप नव्हे. टक्के कमी वाटले तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत अपील करता येतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. हजर झालो त्या दिवशी ऑफिसमधून ऐकवलं, "तुला ईएसआयकडून मिळतंय ना, मग पगार थोडा कमी घे." असलं काही मान्य करू नका. पीडीबी तुमच्या विम्याचा आहे, कंपनीच्या खिशातला नाही. पण जुनंच काम परत मिळेल याची खात्री खासगी कंपनीत धरू नका. मला प्रेसवरून स्टोअरला टाकलं. गेज द्यायचे, घ्यायचे, वहीत लिहायचं. ओव्हरटाइम गेला, तो काही परत आला नाही.

आणि या अपंगत्वामुळे नोकरीच सुटली, तरी वर्षाला 120 रुपये भरून तुमचे आणि बायकोचे उपचार निवृत्तीच्या वयापर्यंत ईएसआयमध्ये चालू ठेवता येतात. हे आपल्याला कोणी आपणहून सांगत नाही.

पीडीबी लागला की हयातीचा दाखला तेवढा वेळेवर देत जा. एका वर्षी मी विसरलो आणि पैसे अडकले. कामावर जातो म्हणून बंद केले, असं समजून बायको दोन दिवस बोलली नाही. दाखला दिला, मागचे सगळे एकदम जमा झाले.