ताठ बसावं की पुढे झुकावं?

प्रश्न : सासूबाई ६७ वर्षांच्या. आयुष्य चुलीच्या धुरात गेलं, आता सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. जिना चढून आल्या की गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकतात. ‘ताठ बसा’ म्हटलं तर धाप वाढते. असं का?

उत्तर : त्यांना तसंच बसू द्या. सीओपीडीत हवा फुप्फुसांत अडकते, ती फुगतात आणि खालचं श्वासपटल सपाट होतं. श्वास आत घेण्याचं बहुतेक काम हा घुमटासारखा स्नायू करतो. सपाट, आखूड झाला की त्याची ओढ कमी पडते. पुढे झुकल्यावर पोटातले अवयव त्याला खालून रेटतात आणि घुमट थोडा परत येतो. हात टेकलेले असले की छातीचे नि मानेचे स्नायूही बरगड्या उचलायला मोकळे होतात.

गफलत होते ती झुकणं आणि पोक काढणं यांत. वाकायचं खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. खुर्ची बिनचाकांची, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, कोपरापासून पुढचे हात मांड्यांवर किंवा टेबलावरच्या उशीवर, खांदे सैल. पोक काढलं की बरगड्या पोटावर दबतात आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. परकराची घट्ट नाडीही तेच करते. ती आधी सैल करा, हे हमखास विसरलं जातं.

दोन अंक मोजत नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सोडायचा. समईची ज्योत हलेल पण विझणार नाही, इतकीच फुंकर. जोर लावला तर बारीक श्वासनलिका मिटतात आणि हवा आणखी अडकते.

ओठ निळसर दिसले किंवा एक वाक्यही सलग बोलवेना, तर थेट रुग्णालय गाठा. रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, पायांवर सूज असेल, तर हृदयाची तपासणी लांबवू नका.

प्रश्न : वय २७. पलंगावर बसून दिवसभर लॅपटॉपवर काम करतो. श्वास अपुरा वाटतो.

उत्तर : मांडीवरच्या पडद्यात पाहताना तुमचं पोक निघतं. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा घ्या, दर अर्ध्या तासाने उठा. एक तळवा पोटावर ठेवून पाहा : श्वास घेताना आधी पोट पुढे यायला हवं, खांदे वर नव्हेत. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) करून घ्या.