गोचिडाचं औषध कुत्र्याचं, झटके मांजराला

प्रश्न : घरात लॅब्राडॉर आणि मांजर दोन्ही आहेत. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध उरलंय. त्यातले दोन थेंब मांजराला टाकले तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : एक थेंबही टाकू नका. आधी पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. तिथे ‘परमेथ्रिन’ असेल तर ते औषध मांजरासाठी विषच आहे. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत ते ४५ ते ६५ टक्के असतं. कुत्र्याचं यकृत परमेथ्रिनचं विघटन करून ते बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ही सोय तोकडी असल्याने औषध अंगात साचतं आणि मज्जातंतू सतत चेतवलेले राहतात. ४५ टक्क्यांच्या एका मिलीत ४५० मिलिग्रॅम परमेथ्रिन असतं. चार-साडेचार किलोच्या मांजराच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं.

लक्षणं बहुतेक वेळा काही तासांत दिसतात, क्वचित दुसऱ्या दिवशी. आधी कान फडफडतात, मांजर पंजे झटकतं, लाळ गळते. मग थरथर आणि झटके. औषध नुकतंच पडलं असेल आणि मांजर शुद्धीवर, शांत असेल, तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा. गरम पाण्याने कातडीतला रक्तपुरवठा वाढून औषध जास्त शोषलं जातं. गार पाण्याने अंग थंड पडलं की थरथर बळावते. धुतल्यावर कोरडं करून टॉवेलमध्ये गुंडाळा. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या. दूध, तेल पाजू नका, उलटी करवू नका.

कुत्र्याला असं औषध लावलं की दोघांना निदान ७२ तास वेगळं ठेवा. एकत्र झोपणारी, एकमेकांना चाटणारी जोडी असेल तर हे औषध घरात न आणलेलंच बरं. परमेथ्रिन नसलेला पर्याय डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : गोचिडासाठी अमिट्राझची बाटली आणली आहे. बादलीत एक झाकण टाकतो. अंघोळीनंतर कुत्रा दिवसभर झिंगल्यासारखा पडून राहतो. – एक वाचक, बारामती

उत्तर : दोष बहुधा त्या झाकणाचा. १२.५ टक्क्यांच्या बाटलीतलं २ मिली औषध एक लिटर पाण्यात घातलं की ०.०२५ टक्के द्रावण होतं, ४ मिली घातलं की ०.०५ टक्के. यातलं नेमकं किती घ्यायचं ते लेबलवर पाहा किंवा डॉक्टरांना विचारा. मोजायला सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज वापरा. झाकणात किती मावतं हे कंपनीगणिक बदलतं आणि बादलीत पाणी किती आहे याचाही आपण अंदाजच करतो. प्रमाण वाढलं की कुत्रा सुस्तावतो, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. म्हणून मधुमेही कुत्र्याला, चार महिन्यांखालच्या पिल्लाला आणि चिवावा या छोट्या जातीच्या कुत्र्याला अमिट्राझ नको. मांजराला तर कधीच नाही.

द्रावण ताजं करा, उरलेलं साठवू नका. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, डोळे-तोंड सांभाळून स्पंजने लावा. नंतर धुऊ नका. वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. गुरांच्या बाटलीवर कुत्र्याचं माप नसतं, ते मनाने ठरवू नका. आणि आत्तासारखी झिंग दिसली तर पुढच्या अंघोळीची वाट न बघता तपासून घ्या.

प्रश्न : ‘नैसर्गिक’ म्हणून टी ट्री तेल लावलं तर? – एक वाचक, मडगाव

उत्तर : निव्वळ तेल कुत्र्याला नको, मांजरालाही नको. त्यातले टर्पिन नावाचे घटक कातडीतून झपाट्याने शोषले जातात. अंग लटपटतं, अशक्तपणा येतो. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून मात्रा कळत नाही. काळं फिनाईल टाकून पुसलेल्या फरशीचंही तेच. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं आणि फिनॉल पोटात जातं. फरशी पूर्ण वाळल्यावरच त्याला आत सोडा.

प्रश्न : आपली टूथपेस्ट कुत्र्याला? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, किलोमागे ०.१ ग्रॅमनेही कुत्र्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कुत्र्यांसाठीची वेगळी पेस्ट मिळते, ती घ्या. नाहीतर नुसता ओला ब्रशही चालेल.