गाद्याने (डॉल्फिनने) सुरमई तोडली म्हणून सुतळी बॉम्ब टाकता येतो का?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र पुण्याहून देवबागला गेलो होतो. हौसेची मासेमारी, रॉड आणि रीळ घेऊन, भाड्याच्या होडीतून. गळाला लागलेली सुरमई गाद्यांनी दोनदा अर्धी तोडून नेली. तिसऱ्यांदा ते जवळ आले तेव्हा मित्राने त्यांना पळवायला सुतळी बॉम्ब पेटवून पाण्यात टाकला. त्याच गडबडीत माझा गळ एका गाद्याला अडकला आणि दोर तुटला. शेजारच्या पर्यटक होडीतून कोणीतरी व्हिडिओ काढला. आता वनविभागाची नोटीस आली आहे, होडी जप्त आहे. गादा मेलेला नाही, तरी गुन्हा होतो का? मित्र म्हणतो, आपल्याकडचे व्हिडिओ पुसून टाक.

उत्तर : व्हिडिओ पुसू नका. मित्रालाही आजच सांगा. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तुमच्या बाबतीत तो व्हिडिओच कदाचित तुमच्या कामी येईल.

आता मूळ प्रश्न. गादा, म्हणजे आपल्या किनाऱ्यालगतचा हंपबॅक डॉल्फिन, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, वाघ आहे त्याच अनुसूचीत. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, पाठलाग करणं, हाकणं आणि मारण्या-पकडण्याचा प्रयत्न हे सगळं कलम २ च्या व्याख्येत येतं. त्यामुळे ‘मेला नाही’ एवढ्याने सुटका होत नाही. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. किमान कैद ठरलेली असल्यामुळे कलम ५४ खालची तडजोडही इथे चालत नाही. ‘थोडे पैसे भरून मिटवून टाकू’ असं कोणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका.

गळ अडकणं आणि बॉम्ब टाकणं या दोन वेगळ्या घटना आहेत. नोटिशीच्या उत्तरात त्या वेगळ्याच ठेवा.

गळ सुरमईसाठी होता, गादा त्यावर आपणहून आला. इथे हेतू नव्हता हा बचाव खरा आहे आणि भक्कमही. राज्य सरकारही असे अपघात ओळखतं: संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ पासून आहे. हौशी गळकऱ्यांना ती लागू होईल असं समजू नका; पण अपघात आणि शिकार यांतला फरक दाखवायला तिचा दाखला द्यावा.

बॉम्बचं तसं नाही. तो जाणूनबुजून टाकला. ‘आमचा मासा पळवत होता’ हे कारण उपयोगी नाही, कारण कलम ११ मधली सूट माणसाच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे, सुरमईच्या नव्हे. ‘हाकणं’ म्हणजे शिकारीसाठी घातलेला हाका, नुसतं पळवून लावणं नव्हे, असा युक्तिवाद वकील करतील आणि करायलाही हवा. पण त्या एकाच युक्तिवादावर भरवसा ठेवू नका. गादा आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट आणि भक्ष्य शोधतो. त्याच्याजवळ पाण्यात स्फोट करणं ही साधी हुसकावणी आहे, हे न्यायालयाला पटवणं अवघड आहे.

मग तुमची जबाबदारी किती? कलम ५२ प्रमाणे मदत करणाराही तितकाच दोषी. काडी कोणी दिली, ‘टाक’ कोण म्हणालं, त्या क्षणी तुमच्या हातात काय होतं, यावर तुमची केस उभी राहील. तुम्ही रॉड धरून होतात आणि नको म्हणालात, असं व्हिडिओत असेल तर मूळ फोन जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत पुरेशी नाही. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

स्थळ नक्की करा. मोबाइलमधलं जीपीएस तपासा: होडी कर्ली नदीच्या मुखासमोर होती की मालवण बंदराकडे? १९८७ साली घोषित झालेलं मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात येतं. त्या हद्दीत स्फोटक वापरलं असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३२ चं उल्लंघनही जोडलं जाईल.

नोटिशीत तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून, हे आधी वाचा. आरोपी असाल तर हजर होण्याआधी सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. गुन्हा अजामीनपात्र आहे. जायचं टाळू नका. पण वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत: पोलिसांपुढच्या कबुलीला असलेलं संरक्षण इथे सहसा मिळत नाही, आणि सहायक वनसंरक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. म्हणून लेखी निवेदन घेऊन जा, न वाचता सही करू नका, स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नाही हे लक्षात ठेवा. खोटं मात्र एक अक्षरही नको.

त्या निवेदनात एक गोष्ट जरूर लिहा: गळ साधा होता की तीन टोकांचा, केवढा, त्यासोबत किती दोर गेला, गादा कुठल्या दिशेने गेला. वनविभागाच्या कांदळवन कक्षालाही कळवा, किंवा १९२६ वर फोन करा. लोंबता दोर परावर किंवा शेपटीवर आवळला तर जनावर हळूहळू मरतं. हे तुम्ही त्याच दिवशी कळवायला हवं होतं. आज कळवलंत तरी शोध घेणाऱ्यांना उपयोग आहे, आणि तुमचा सद्भावही नोंदला जाईल.

होडीवाल्याशी मिळून गोष्ट रचू नका. त्याचा वकील वेगळा असू द्या, कारण त्याचं हित तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. त्याची होडी अडकलीय तुमच्या मित्राच्या बॉम्बमुळे, आणि हंगामातला एकेक दिवस त्याला महाग आहे. जप्त झालं म्हणून वाहन आपोआप सरकारचं होत नाही, खटला चालू असताना न्यायदंडाधिकारी ते सोडू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या खटल्यात म्हटलं आहे. त्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली अर्ज करायला सांगा, आणि त्या अर्जाचा खर्च तुम्ही तिघांनी उचला.